आपल्याकडे न मिळणारी आपलीच मोटारसायकल

परतवाडा मागे पडले की गाविलगडचे डोंगर समोर येतात आणि रस्ता चढू लागतो. परतवाड्याची समुद्रसपाटीपासूनची उंची पावणेचारशे मीटरच्या आसपास, तर चिखलदऱ्याची सुमारे १,११८ मीटर. म्हणजे साधारण तीस किलोमीटरच्या वाटेत साडेसातशे मीटर उंची गाठायची असते. मोटार, जीप किंवा एस.टी. बस यांची गोष्ट वेगळी. परंतु मेळघाटातल्या गावांमध्ये आज सर्वांत जास्त दिसणारे यंत्र म्हणजे शंभर सी.सी.ची मोटारसायकल. तिच्यावर एक माणूस पुढे, एक मागे आणि दोघांच्या मध्ये किंवा टाकीवर एखादे पोते, हे दृश्य कुणालाही परिचयाचे आहे. चढावर अशी गाडी दुसऱ्या, प्रसंगी पहिल्या गिअरमध्ये ओरडत वर येते.

चिखलदऱ्याचे नाव भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्रातील कॉफी पिकणारे ठिकाण म्हणून येते. आता नकाशावर पश्चिमेकडे, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाऊ. युगांडा हा कॉफीची मोठी निर्यात करणारा देश. त्याची राजधानी कंपाला ही समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास, जवळजवळ चिखलदऱ्याच्याच उंचीवर वसलेली आहे. तिथेही डोंगरउतारावरचा शेतमाल आणि माणसे मोटारसायकलवरून जातात. त्या मोटारसायकलींमध्ये फार मोठा वाटा ‘बजाज बॉक्सर’ या गाडीचा आहे. ही गाडी बुलढाणा जिल्ह्यापलीकडे, छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीच्या औरंगाबादजवळच्या) वाळूजच्या कारखान्यात तयार होते. मात्र अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या दुकानात जाऊन ‘बॉक्सर द्या’ म्हटले, तर ती मिळत नाही.

इथे घडणारी वस्तू इथे का मिळू नये? ‘चांगला माल परदेशी जातो, उरलेला आपल्याला’ हे उत्तर आपण हापूस आंब्यापासून चहापर्यंत सर्वत्र देतो. मोटारसायकलींच्या बाबतीत ते पुरेसे नाही. एके काळी ते बरेचसे खरे होते, आज त्याची कारणे निराळी आहेत. हा बदल कसा झाला हे पाहण्यासारखे आहे.

नंबर लागण्याचा काळ

या इतिहासाची सुरुवात विदर्भातच होते. वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या घराण्यात जमनालाल दत्तक आले. गांधीजींचे निकटचे सहकारी म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९४५ साली, ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी स्थापन झाली. १९४८ पासून ती परदेशी बनावटीची दुचाकी व तीनचाकी वाहने आणून विकू लागली. १९५९ साली देशातच वाहने बनवण्याचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पिआज्यो कंपनीच्या सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डी येथे ‘व्हेस्पा’ स्कूटर तयार होऊ लागली. मुंबईत ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ ही कंपनी दुसऱ्या इटालियन स्कूटरची, लँब्रेटाची, जुळणी करत होती.

तेव्हाची व्यवस्था आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावी लागते. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार कोणत्या कारखान्याने काय बनवायचे आणि वर्षाला किती बनवायचे, हे सरकार ठरवून देई. परवान्यात लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त स्कूटर बनवणे हा पराक्रम नव्हता, गुन्हा होता. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने मोठ्या उद्योगांचा विस्तार आणखी अवघड केला. मागणी मात्र वाढत होती. १९६० सालीच सरकारने स्कूटरच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला होता. ज्याला स्कूटर हवी त्याने आगाऊ रक्कम भरून नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. याला आपल्याकडे ‘नंबर लावणे’ म्हणत.

१९७१ साली पिआज्योशी असलेला करार संपला, तो पुढे वाढवला गेला नाही. दुसऱ्या वर्षी, १९७२ मध्ये, त्याच धाटणीची स्कूटर राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन बाजारात आली. ही ‘चेतक’. तिच्यासाठीची रांग दहा-दहा वर्षांची झाली. मुलगा कॉलेजात गेला की वडील नंबर लावत आणि नंबर लागेपर्यंत त्याचे लग्न झालेले असे. लग्नाच्या बोलणीत जावयाच्या स्कूटरचा विषय निघे, तेव्हा नुसता लागलेला नंबरही मोलाचा ठरे. ज्याला थांबायचे नसेल तो वर ‘ऑन’ देऊन दुसऱ्याची नवी स्कूटर घेई. आणखीही एक वाट होती. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात किंमत भरली, तर रांगेत न थांबता स्कूटर मिळत असे. आकुर्डीची स्कूटर अकोल्यातल्या शिक्षकाला रुपये देऊन मिळत नव्हती, पण डॉलर देऊन मिळत होती! हा विनोद नाही, त्या वेळच्या अर्थव्यवस्थेचे ते अचूक चित्र आहे.

कारण डॉलरची टंचाई खरी होती. यंत्रे, खनिज तेल, खते, कधी धान्यसुद्धा बाहेरून आणायचे, तर परकीय चलन हवे. १९७३ साली तेलाच्या किमती अचानक चौपटीच्या आसपास गेल्यावर ही ओढाताण फारच वाढली. जो माल बाहेर विकला जाऊ शकतो तो विकून चलन मिळवणे हे राष्ट्रीय कर्तव्य मानले गेले. बजाजची वाहने इंडोनेशिया, तैवान अशा देशांत गेली. पुढे अमेरिका, पश्चिम जर्मनीपर्यंत स्कूटर पोचल्यावर पिआज्योने आपल्या रचनेची नक्कल झाल्याचे म्हणत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयात दावे लावले आणि ती वाट अरुंद झाली.

लखनौच्या ‘स्कूटर्स इंडिया’ या सरकारी कंपनीची कथा याहून बोलकी आहे. या कंपनीने इटलीतील लँब्रेटाचा कारखाना, यंत्रे आणि नाव विकत घेतले. १९७५ च्या सुमारास तिचे उत्पादन सुरू झाले. देशात विकायच्या स्कूटरवर ‘विजय सुपर’ असे नाव, आणि परदेशी जाणाऱ्या स्कूटरवर ‘लँब्रेटा’! कारखाना तोच, नावे दोन. घरच्याला घरचे नाव, पाहुण्याला पाहुण्याच्या ओळखीचे.

या काळातील मुख्य गोष्ट लक्षात घ्यावी. परदेशी जाणारी आणि देशात न मिळणारी स्कूटर मुळात एकच होती. तीच दोन आघाती एंजिनाची, पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावी लागणारी, एंजिन एका बाजूला असल्यामुळे किंचित कललेली चेतक. ती इथल्या लोकांना नको होती किंवा इथल्या रस्त्यांना सोसत नव्हती असे काही नव्हते. कमी होती ती संख्या, आणि ती कागदावर कमी ठेवलेली होती. १९७७ साली बजाजने एका वर्षात एक लाख वाहनांचा टप्पा गाठला. त्या वेळी देशाची लोकसंख्या साठ कोटींच्या पुढे होती. या दोन आकड्यांचा भागाकार वर्गात करून पाहण्यासारखा आहे.

रांग संपली, ‘अ‍ॅव्हरेज’ आले

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून गाठ सुटू लागली. जपानी कंपन्यांशी सहकार्याला परवानगी मिळाली. हीरो होंडाची चार आघाती मोटारसायकल १९८५ मध्ये आली, त्याच वर्षी वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि लगेच बजाजने कावासाकीच्या तंत्राची मोटारसायकल काढली. १९९१ च्या धोरणाने दुचाकींवरचे परवान्याचे बंधन गेले. दहा वर्षांची रांग पाहता पाहता नाहीशी झाली. हे इतक्या शांतपणे घडले की तिची नोंदही फारशी कुणी ठेवली नाही.

चार आघाती एंजिनात पेट्रोल कमी लागते. दोन आघाती एंजिनात ताजे मिश्रण आत येताना जळलेल्या वायूंबरोबर थोडे न जळताच बाहेर निघून जाते. चार आघातीत या दोन क्रिया वेगळ्या आघातांत होतात, त्यामुळे ही नासाडी टळते. भारतीय ग्राहकाने हा फरक लगेच ओळखला. ‘गाडी किती अ‍ॅव्हरेज देते?’ हा प्रश्न देशाच्या एंजिनविद्येचा मुख्य प्रश्न बनला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कावासाकी बजाज बॉक्सर’ इथल्या बाजारात आली ती याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. साधी, स्वस्त, शंभर सी.सी.ची. खेड्यापाड्यांत ती खपलीही. २००४ साली तिच्या जागी ‘सी.टी. १००’ आली आणि बॉक्सर हे नाव भारतात मागे पडले.

आफ्रिकेत मात्र त्याच नावाचे दुसरे आयुष्य सुरू झाले.

बोडा-बोडा

केनिया आणि युगांडाच्या सरहद्दीवर १९६० च्या दशकात सायकलवाले माणसांना व मालाला एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंत पोचवत. ‘बॉर्डर, बॉर्डर’ अशी त्यांची हाळी असे, तिचे झाले ‘बोडा-बोडा’. सायकलींची जागा पुढे मोटारसायकलींनी घेतली, नाव तेच राहिले. नायजेरियात अशाच टॅक्सी-मोटारसायकलला ‘ओकाडा’ म्हणतात. ते तिथल्या एका विमान कंपनीचे नाव, गर्दीतून उडत जाणाऱ्या दुचाकीला लोकांनी थट्टेने दिलेले. गोव्यात पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे ‘पायलट’ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कल्पना लगेच येईल. फरक इतकाच की गोव्यात हे एक छोटे जग आहे, तर पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेत तोच सार्वजनिक वाहतुकीचा एक मुख्य आधार झाला.

इथे मुद्द्याची जागा येते. आपल्याकडे मोटारसायकल ही कुटुंबाची मालमत्ता आहे. ती सकाळी कामावर जाते, संध्याकाळी परत येते आणि रविवारी पुसली जाते. बोडा-बोडावाल्याची मोटारसायकल हे त्याचे दुकान आहे. ती दिवसभर धावते, एका वेळी दोन-दोन प्रवासी किंवा केळीचे घड, कोळशाची पोती वाहते, आणि एक दिवस बंद पडली तर त्या दिवशी घरात पैसा येत नाही. अशा माणसाला वेग नको, दिखाऊपणा नको. त्याला हवी लांब सपाट सीट, मागे पक्के कॅरियर, वजनाने न वाकणारा सांगाडा, दणकट शॉक-अब्सॉर्बर आणि कोणत्याही गावातल्या कारागिराला पान्याने उघडता येईल असे एंजिन. आफ्रिकेतली बॉक्सर हळूहळू या गरजांभोवती घडत गेली. शंभर सी.सी.बरोबर दीडशे सी.सी.चीही निघाली. २०२१-२२ या वर्षात बजाजने सुमारे पंचवीस लाख वाहने निर्यात केली. कंपनीच्या एकूण विक्रीच्या निम्म्याहून हा आकडा मोठा होता. आकुर्डीच्या रांगेचा विचार करता हा उलटाच प्रकार म्हणावा लागेल. घरी कुणी थांबलेले नाही आणि तरी अर्ध्याहून अधिक माल बाहेर जातो.

परकीय चलनाच्या टंचाईनेही आता पक्ष बदलला आहे. २०२२-२३ मध्ये नायजेरियासारख्या देशांत डॉलर मिळेनासे झाले, पुढे त्यांच्या नायरा या चलनाची किंमत घसरली, आणि वाळूजहून जाणाऱ्या गाड्यांची संख्या कमी झाली. १९७० च्या दशकात डॉलरसाठी आपण जे सोसले, ते आता गिऱ्हाइकाच्या वाट्याला आले.

घाटाचे गणित

आता आपल्या घाटाकडे वळू. वजन वाहण्यासाठी घडवलेली गाडी आणि ‘अ‍ॅव्हरेज’साठी घडवलेली गाडी यांत नेमका काय फरक पडतो, हे दहावीच्या भौतिकशास्त्राने सांगता येते. खालील आकडे उदाहरणासाठी सोयीचे घेतले आहेत.

गाडी, दोन माणसे आणि पन्नास किलोचे पोते मिळून ३०० किलो वस्तुमान धरू. त्याचे वजन सुमारे २,९४० न्यूटन. डांबरी घाटरस्त्याचा चढ पंधरात एक धरला, तर उताराच्या दिशेने मागे ओढणारे बल १९६ न्यूटन होते. चाकांचे घर्षण ५० न्यूटन आणि ताशी ३६ किलोमीटर वेगाला हवेचा विरोध ३५ न्यूटनच्या आसपास. एकूण २८० न्यूटन. वेग सेकंदाला १० मीटर असल्यामुळे चाकापाशी २.८ किलोवॅट, म्हणजे पावणेचार अश्वशक्ती लागते. शंभर सी.सी.चे एंजिन आठ अश्वशक्तीच्या आसपास देते. तेव्हा डांबरी रस्त्याने ती गाडी वर जाईल, आणि जातेच.

परंतु मेळघाटातील गावे डांबरी रस्त्यावर संपत नाहीत. आतल्या ढाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर आठात एक असा चढ लागला आणि तिथे गाडी थांबवून पुन्हा सुरू करावी लागली, तर? मागे ओढणारे बल ३६७ न्यूटन, घर्षण ५०, आणि गाडीला थोडी तरी गती यायला हवी म्हणून सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद इतक्या त्वरणासाठी १५० न्यूटन. बेरीज ५६७. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली, तर चाकाच्या आसापाशी १७० न्यूटन-मीटर परिबल हवे. गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘टॉर्क’ म्हणून जो आकडा असतो तो चाकापाशी मिळणाऱ्या परिबलाचा नव्हे, एंजिनाच्या परिबलाचा.

शंभर सी.सी.च्या एंजिनाचे जास्तीत जास्त परिबल ८ न्यूटन-मीटरच्या आसपास असते. पहिल्या गिअरमध्ये दातेरी चक्रांच्या साखळीतून ते साधारण २८ पट होते असे समजू, म्हणजे २२४. वाटेत पंधरा टक्के घर्षणात गेले की उरले १९०. आता उंची लक्षात घ्या. अकराशे मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी असते. दट्ट्या प्रत्येक वेळी तेवढ्याच घनफळाची हवा ओढतो, पण तिच्यात ऑक्सिजन दहा टक्के कमी, म्हणून परिबलही तेवढेच कमी. १९० चे झाले १७१. लागतात १७०! शिवाय हे जास्तीत जास्त परिबल मिनिटाला चारपाच हजार फेऱ्यांच्या वेगाला मिळते, चढावर गाडी उचलताना एंजिन त्याहून बरेच हळू फिरत असते. मग चालवणारा क्लच अर्धवट दाबून एंजिन ओरडवतो, क्लच-पट्ट्या घासून तापतात आणि जळका वास येतो. वर्षभरात क्लच-पट्ट्या का बदलाव्या लागतात, याचे कारण या बेरीज-वजाबाकीत आहे.

दीडशे सी.सी.ची बॉक्सर सुमारे १२ न्यूटन-मीटर देते. गिअरचे गुणोत्तर तेच धरले, तर चाकापाशी अडीचशेच्या वर मिळतात. ऐंशी-पंच्याऐंशी न्यूटन-मीटर हाताशी शिल्लक.

एंजिन तेच ठेवूनही चढावरची ओढ वाढवता येते. मागच्या चाकावरचे दातेरी चक्र, ज्याला गॅरेजमध्ये ‘चेन सॉकेट’ म्हणतात, जास्त दातांचे बसवले की चाकापाशी परिबल वाढते. पण मग त्याच वेगाला एंजिनाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात आणि ‘अ‍ॅव्हरेज’ घसरते. सपाट प्रदेशातला ग्राहक संख्येने प्रचंड आहे, त्याला प्रतिलिटर किलोमीटर हवे आहेत, आणि गाडीचे दात त्याच्या हिशेबाने पाडले जातात. डोंगरातल्या माणसाला सपाटीवरची गाडी वापरावी लागते, कारण डोंगरातली माणसे थोडी आहेत.

परत आलेली आणि परत गेलेली

असे नव्हे की कंपनीला हे सुचले नाही. २०११ साली दीडशे सी.सी.ची बॉक्सर भारतात आणली गेली, खेड्यांतल्या खराब रस्त्यांसाठी दणकट गाडी म्हणून. ती चालली नाही आणि थोड्याच वर्षांत विक्रीतून गेली. २००१ सालच्या ‘पल्सर’नंतर दीडशे सी.सी. म्हणजे तरुणांची वेगवान, देखणी गाडी असे समीकरण भारतीय मनात पक्के झाले होते. दीडशेचे एंजिन आणि रूप मात्र दूधवाल्याच्या गाडीचे, हे गणित कुणाला पटेना. ज्याला ओझे वाहायचे होते त्याला शंभर सी.सी.ची स्वस्त पडत होती, आणि ज्याच्यापाशी दीडशेचे पैसे होते त्याला ओझे वाहायचे नव्हते. मला वाटते, यात आणखी एक कारण आहे. दुचाकीवर भाड्याने प्रवासी नेण्याचा धंदा आपल्याकडे गोव्याबाहेर दीर्घकाळ कायदेशीरपणे वाढलाच नाही. महाराष्ट्राने दुचाकी टॅक्सीचे धोरण २०२५ साली मान्य केले, तेही विजेवरच्या गाड्यांसाठी. धंदा करणारा ग्राहकच नसेल, तर धंद्याची गाडी कोण घेणार?

त्यानंतर कायद्यानेही दार लावले. २०१९ पासून नव्या दुचाकींना १२५ सी.सी.पर्यंत जोड-ब्रेक आणि त्यावर ए.बी.एस. सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे ‘भारत स्टेज ६’ हे कडक निकष आले. साध्या कार्ब्युरेटरची एंजिने त्यांत बसणे कठीण, म्हणून बहुतेक गाड्यांत इंधन मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. हे निकष देशात नोंदणी होणाऱ्या वाहनांना लागू असतात. ज्या देशांत इतके कडक नियम नव्हते तिथे जुन्या पद्धतीची गाडी जाऊ शकत होती. म्हणजे जी गाडी इथे तयार करता येते ती इथे नोंदवता येत नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

याकडे कसे पाहावे? कंपालाच्या कारागिराला कार्ब्युरेटर उघडता येतो, इलेक्ट्रॉनिक नियंत्रक उघडता येत नाही, हे खरे आहे. त्याच शहरातल्या मुलांच्या फुप्फुसांत जाणारा धूर इथल्या मुलांसाठी आपण बेकायदा ठरवला आहे, हेही तितकेच खरे. आणि उंचीवरच्या गावांना कार्ब्युरेटर सोयीचा आहे असेही नाही. हवा विरळ झाली तरी त्याच्या छिद्रातून पेट्रोल पुरेसे कमी होत नाही. मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, ते नीट जळत नाही आणि स्पार्क प्लग काजळीने काळा पडतो. नवी यंत्रणा हवेचा दाब जाणून पेट्रोल कमी करते. शाळेजवळच्या गॅरेजमधून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचा आणि नव्या गाडीचा असे दोन जुने प्लग आणून विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी दाखवावेत.

चाकणची १२५

याच्या उलट टोकाची एक गाडी पुण्याजवळच्या चाकणमध्ये होती. ऑस्ट्रियाच्या के.टी.एम. कंपनीत बजाजने २००७ साली भाग घेतला आणि २०११ पासून ‘ड्यूक १२५’ चाकणला तयार होऊन युरोपात जाऊ लागली. भारतात २०१२ च्या आरंभी तिची मोठी बहीण ‘ड्यूक २००’ मिळू लागली, पण १२५ मिळायला २०१८ चा नोव्हेंबर उजाडला. सात वर्षे ती चाकणच्या फाटकातून बाहेर पडे आणि थेट बंदराकडे जाई.

कारण युरोपच्या कायद्यात होते. तिथे अनेक देशांत सोळाव्या वर्षी जो परवाना मिळतो त्यात १२५ सी.सी. आणि ११ किलोवॅट ही मर्यादा आहे. म्हणून या गाडीचे एंजिन १२४.७ सी.सी.चे, आणि शक्ती बरोबर ११ किलोवॅट! कायद्यातला आकडा सिलिंडरच्या व्यासात उतरला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याने सोळाव्या वर्षी ५० सी.सी.पर्यंतचेच वाहन चालवता येते, अठरानंतर काहीही. तेव्हा १२५ ला थांबण्याचे कारण भारतीय तरुणाला नव्हते, आणि लाखाच्या वर पैसे मोजून तो २०० कडेच पाहणार हे उघड होते.

बॉक्सर आणि ड्यूक यांच्यात साम्य शोधू गेले तर एवढेच, की दोन्ही गाड्या परक्या समाजाच्या जीवनाचा साचा घेऊन इथल्या कामगारांच्या हातून तयार होतात. वाळूजच्या कामगाराने कंपालाचा चढ पाहिलेला नसतो. त्या समाजांनी काही परत दिले असेल तर तो एक शब्द. जकार्तामध्ये १९७५ पासून गेलेल्या तीनचाकीला लोक ‘बजाय’ म्हणतात, आणि टांझानियात स्वाहिली भाषेत ऑटोरिक्षाला ‘बजाजी’ असा शब्दच रूढ झाला आहे. वर्ध्याच्या एका घराण्याचे आडनाव दोन परक्या भाषांत सामान्यनाम झाले.

आता मेळघाटाच्या चढासाठी निराळे यंत्र शक्य झाले आहे. विजेच्या मोटारीला हवा लागत नाही, त्यामुळे विरळ हवेने तिचे काही बिघडत नाही. तिचे जास्तीत जास्त परिबल गाडी स्थिर असतानाच, म्हणजे चढावर जिथे सर्वांत जास्त गरज असते तिथेच मिळते. कंपाला आणि नैरोबीत विजेवरच्या बोडा-बोडा धावू लागल्या आहेत. चेतक हे नाव २०२० च्या जानेवारीत विजेच्या स्कूटरवर परत आले. तिच्या पहिल्या आवृत्तीची बॅटरी तीन किलोवॅट-तासांच्या आसपास होती. परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत स्वार आणि स्कूटर मिळून २०० किलो वस्तुमान ७५० मीटर वर उचलायला १४.७ लाख ज्यूल, म्हणजे ०.४१ किलोवॅट-तास ऊर्जा लागते. रस्त्याचे व हवेचे घर्षण वेगळे. उतरताना मोटारच जनित्र होऊन यातली काही ऊर्जा बॅटरीत परत घालते. ती निम्मी परत मिळाली असे धरून एका फेरीला बॅटरीचा कितवा हिस्सा खर्च होईल, आणि घर्षणाचे ५० न्यूटन तीस किलोमीटर अंतरावर किती भर घालतील, हे नववी-दहावीच्या वर्गाला एका तासात काढता येईल.